खिशातला रिले

राब भाजायला सुरुवात झाली की माझं नाक माझ्या ताब्यात राहत नाही. आमच्या शहापूर-मुरबाडकडे चैत्र उलटला की भाताची रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेणी, वाळलं गवत पसरून पेटवून देतात. त्याला राब भाजणं म्हणतात. दुपारी वारा पडला की तो धूर खाली येऊन रस्त्यावर बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. लहानपणी तो वास आला की शाळेला सुट्टी लागणार, करवंदं पिकणार एवढंच कळायचं. आता गेली तीन वर्षं तो वास आला की माझा हात आधी शर्टाच्या डाव्या खिशाकडे जातो, आणि मग मी स्वतःची समजूत घालतो की अरे, हा राबाचा धूर आहे, गाडीचा नाही. गाडी तापून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, उतू गेलं की त्याचा वास गोडसर येतो, काकवी करपल्यासारखा. मी रस्त्याकडेला मोटरसायकल थांबवून वास घेत उभा राहतो. येणारे-जाणारे बघतात. बघू देत.

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गाड्यांची वायरिंग दुरुस्त करतो, किन्हवली रस्त्याला माझं दुकान आहे, पत्र्याची शेड आणि पुढे एक कडुनिंब. विजेशी खेळणारा माणूस धीट असतो असा लोकांचा समज आहे. तो खोटा आहे. बॅटरीची बारा व्होल्टची वीज कुणाला मारत नाही. मला भीती वाटते ती पंख्याची. रेडिएटरच्या मागे बसवलेला, काळ्या प्लास्टिकच्या पात्यांचा तो साधा पंखा. गाडी बंद करून, चावी खिशात टाकून तुम्ही बॉनेट उघडता, सगळं शांत असतं, आणि तो एकाएकी स्वतःच्या मर्जीने फिरायला लागतो. इंजिनाच्या पोटात उष्णता उरलेली असते, ती त्याला उठवते. त्याला चावी लागत नाही, माणूस लागत नाही.

माझ्या वडिलांना, बाबांना, हे ठाऊक नव्हतं. कसं असणार? त्यांचं आयुष्य ट्रकच्या रेडिएटरात गेलं. आटगावजवळ हायवेला त्यांचं दुकान होतं. कसाऱ्याचा घाट चढायच्या आधी ट्रकवाले तिथे थांबत आणि 'मामा, जरा हात फिरवा' म्हणत. हात फिरवा म्हणजे अक्षरशः हात फिरवा. बाबा रेडिएटरच्या जाळीवरून तळहात असा फिरवत, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात. कुठे गरम, कुठे गार, एवढ्यावरून ते सांगत की आतली कुठली नळी गाळाने चोंदली आहे. ट्रकचा पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की पंखा थांबतो. इंजिन बंद म्हणजे पंखा बंद, हे त्यांच्या हातांना इतकं पाठ होतं की त्यात काही बदलेल असं हातांना कधी वाटलंच नाही.

मी तेव्हा आयटीआय करून नुकताच त्यांच्या हाताखाली आलो होतो. एक पांढरी मोटार आली होती, नव्या जातीची. मी आत बसून चावी फिरवत होतो, बाबा पुढे वाकले होते.

"नामा, बंद केलीस ना रे?"

"केली."

खरंच केली होती. त्यांनी डावा हात आत घातला आणि पंखा उठला. मला आवाज आठवतो. त्याच्या पुढचं मी लिहीत नाही. डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून गेली. दवाखान्यात पट्टी बांधत असताना बाबा मला म्हणाले, "तू बंद केली व्हतीस, मला ठावं हाय." त्यांनी मला कधी दोष दिला नाही. मीही खोटं बोललो नव्हतो. तरी त्या 'केली' शब्दाचा काटा माझ्या पायात जो रुतला तो रुतलाच.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. पंख्याला वीज सोडणारी एक छोटी काळी डबी असते, काडेपेटीहून लहान, खाली पितळी पाय असलेली. तिला रिले म्हणतात. ती उपसली की पंखा मेला. बॉनेटखाली कुणी हात घालणार असेल, आणि विशेषतः बाबा घालणार असतील, तर मी आधी रिले उपसतो आणि डाव्या खिशात टाकतो. खिशात टाकतो, फळीवर ठेवत नाही, कारण फळीवरून कुणीही उचलून परत बसवू शकतं. माझ्या सगळ्या शर्टांच्या डाव्या खिशांना त्या पितळी पायांनी बारीक भोकं पाडली आहेत. आई म्हणायची, "याच्या खिशात उंदीर हाय का काय गो?" माझा हात खिशाकडे जाताना बाबा दुसरीकडे बघत.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्याला लोक हसतात. पण फुंकता फुंकता ताकाचं भांडंच हातून सुटलं तर काय करायचं, ते कुठल्या म्हणीत सांगितलेलं नाही.

तो उन्हाळा तीन वर्षांपूर्वीचा. तशी झळ मी आधी पाहिली नव्हती. सकाळी नऊलाच पत्रा तडतडायला लागे. नट सोडवायचे लोखंडी पाने ओलं फडकं गुंडाळल्याशिवाय हातात धरवत नव्हते. मुंबईला पाणी पाजणारी धरणं आमच्याच तालुक्यात, आणि आमच्याच बाया डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या. सावरीची बोंडं फुटून कापूस उडत होता. दुकानात, चहात, केसांत, सगळीकडे तो पांढरा कापूस. सगळी माणसं चिडलेली, सगळ्या गाड्या तापलेल्या. धंद्याच्या दृष्टीने तो माझा हंगाम, पण मला तो कधी आवडला नाही. उन्हाळ्यात पंखे जास्त उठतात.

अशा एका दुपारी दुकानासमोर एक लाल गाडी थांबली आणि तिच्या नाकातून वाफ निघाली. गाडी अशी की आमच्या रस्त्याला शोभू नये. दोनच सीटं, लांब नाक, आणि जमिनीला इतकी टेकलेली की गतिरोधकावर पोट घासून यायचीच. स्पोर्ट्स कार. मासिकांतल्या चित्रांपलीकडे मी ती पाहिली नव्हती. आतून साठीच्या एक बाई कष्टाने बाहेर आल्या. कल्याणला त्यांचा दवाखाना आणि म्हशाच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला त्यांचं फार्महाऊस. त्यांना सगळे डॉक्टर मॅडम म्हणत, मीही म्हणू लागलो.

"ह्यांनी हौसेनं घेतली होती," त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान आता हयात नव्हते, ते त्यांच्या बोलण्यावरून कळलं. "मला विकवत नाही आणि चालवायला भीती वाटते. हायवेला तापमानाचा काटा मध्ये असतो. मुरबाडच्या बाजारात शिरले की वर चढतो. एक दिवस ही मला रस्त्यात जाळणार."

मला त्या लगेच आपल्यातल्या वाटल्या. भित्र्याला भित्रा ओळखू येतो.

काटा वेगात ठीक आणि संथ चालीत वर, एवढं ऐकलं की वैद्याला अर्धी नाडी सापडते. गाडी पळत असते तोवर समोरचा वाराच रेडिएटरला गार ठेवतो. ती हळू झाली, थांबली, की वारा संपतो आणि पंख्याची गरज लागते. म्हणजे दोष पंख्यात. (माझंही तसंच आहे. कामात असतो तोवर बरा असतो. दुपारचा डबा खाऊन जरा टेकलो की तापायला लागतो.)

गाडी दुकानात ठेवून घेतली आणि माझी पाचावर धारण बसली. असल्या गाडीचा एक दिवा फुटला तर माझं दुकान विकूनही तो येणार नाही. पहिल्या दिवशी मी तिला नुसतं गार होऊ दिलं. मग झाकण उघडलं, कूलंट कमी होतं ते भरलं. इंजिन चालू करून उभा राहिलो. काटा वर वर येतोय आणि पंखे गप्प. एसी लावला. एसी लावला की पंखे फिरलेच पाहिजेत. तरी गप्प. फ्यूज चांगला. रिलेला वीज दिली तर तो टिक् करून बोलला, म्हणजे तोही जिवंत. शेवटी पंख्याचा प्लग सोडवला, तर आतलं प्लास्टिक वितळून काळं पडलेलं, पिना जळालेल्या. नवा प्लग लावला आणि दोन्ही पंखे असे सुटले की मी एक पाऊल मागे उडालो. त्या आवाजाने माझ्या अंगावर अजून काटा येतो. तरी बरं वाटलं. दोष सापडला होता.

पण काटा थांबेना. आधी लवकर चढायचा, आता उशिरा चढायचा, पण चढायचाच. मी कॉम्प्युटर लावून बघितलं, तो म्हणाला सगळं उत्तम आहे. पाण्यातली हवा काढली, झाकण बदललं. मग माझ्या मनाने नको तिकडे धाव घेतली. इंजिनाचं गॅस्केट गेलं असेल, इंजिन उघडावं लागेल, आणि ते उघडणारा मी कोण? दोन रात्री जेवण गेलं नाही.

हे सगळं बाबा कडुनिंबाखालच्या बाकावर बसून बघत होते. हायवे रुंद झाला तेव्हा त्यांचं दुकान गेलं होतं. तेव्हापासून ते माझ्याकडेच रेडिएटरची कामं करत. पण ह्या गाडीजवळ मी त्यांना येऊ दिलं नव्हतं. दोन दोन पंखे, अरुंद जागा. काही ना काही निमित्त काढून मी त्यांना लांब ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते उठून आले.

"मला हात फिरवू दे, नामा."

मी रिले उपसला, खिशात टाकला आणि बाजूला झालो. त्यांनी उरलेल्या बोटांचा तो हात जाळीवरून फिरवला, थांबले, परत फिरवला. मग म्हणाले, "बसव तुजा रिले. पंखा चालू कर." मी ते लांब सरकेपर्यंत थांबलो. पंखे सुरू झाले. बाबा गाडीच्या पुढे जाऊन उकिडवे बसले, बिडी शिलगावली आणि जाळीसमोर धरली. धूर सरळ वर चालला.

"बघ," ते म्हणाले. "पंखा फिरतोय, पन वारा येत नाय. धूर आत खेचला पायजे ना? मंधी कायतरी बसलाय."

आम्ही पुढचं नाक सोडवलं. एसीची जाळी पुढे, रेडिएटरची जाळी मागे, आणि त्या दोघींच्या मधल्या बोटभर फटीत सावरीच्या कापसाची गादी झालेली होती. एक उशी भरेल एवढा कापूस, त्यात पाचोळा, मेलेले किडे, धूळ. मॅडमच्या फार्महाऊसच्या फाटकाला सावरीची रांग आहे, आणि गाडीचं नाक जमिनीलगत. वर्षानुवर्षं ती कापूस ओढत होती. पुढून जाळी स्वच्छ, मागून स्वच्छ, मधलं कुणाला दिसणार? ज्याला दिसलं त्याने डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. कापूस काढला, बाबांनी परत बिडी धरली. धूर झपकन आत गेला. काटा मध्यावर येऊन बसला तो हलला नाही. मला त्या क्षणी बाबांच्या पाया पडावंसं वाटलं, पण आपल्याकडे बाप-लेकांत असलं काही करायची पद्धत नाही. मी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी मॅडम गाडी न्यायला आल्या. फार्महाऊसवर जायचं होतं, एकटीने न्यायची भीती वाटत होती. बाबा म्हणाले, "मी येतो. वाटंत काय झालं तर बघीन." तो दिवस मी कितीदा तरी परत उलगडून बघितला आहे. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, डोक्यावर धुतलेली टोपी. निघायच्या आधी ते म्हणाले, नाकाची एक क्लिप सैल वाटते. ते वाकले. मी सवयीने रिले उपसून खिशात टाकला. त्यांनी क्लिप बसवली. तेवढ्यात एक बँडवाल्यांचा टेम्पो येऊन उभा राहिला, लग्नाची वेळ टळत होती आणि त्यांचा जनरेटर पेटत नव्हता, चार जण एकदम ओरडत होते. मी तिकडे गेलो. मागे बॉनेट बंद झाल्याचा आवाज आला. बाबा त्या गाडीत बसले तेव्हा जमिनीवर पाट मांडून बसल्यासारखे दिसत होते. त्यांनी मला हात केला. मीही केला.

तासाभराने टेम्पो गेला. मी टेस्टर ठेवायला खिशात हात घातला आणि बोटाला पितळी पाय टोचले.

लोक म्हणतात भीतीने अंग गार पडतं. माझं तापलं. कानशिलं तापली, डोळ्यांपुढे लाल झालं. फोन लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मोटरसायकल काढली. किन्हवली मागे पडली, सरळगाव आलं, आणि सगळीकडे राब पेटलेले. जिकडे बघावं तिकडे धुराची वळकटी, आणि प्रत्येक वळकटीशी मला ती लाल गाडी दिसे. जवळ गेलो की शेत असे, शेतात हातात काठी घेऊन आग सांभाळणारं माणूस असे, आणि मी पुढे सुटे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी नव्हता, पुढे होता, आणि दर फर्लांगावर उभा होता. गाडी पळत असेल तर काही होणार नाही, हे मी घोकत होतो. वारा गार ठेवील. हळू झाली तरच तापेल. म्हणजे एक घाबरट बाई माझ्या बापाला घेऊन गाडी सुसाट पळवो, असं मी देवाकडे मागत होतो. पण मॅडम कशा चालवतात ते मी बघितलं होतं. बैलगाडीला वाट द्यायच्या त्या.

म्हसा ओलांडून चढ लागला आणि धुरात तो गोडसर वास आला.

गाडी एका मोहाच्या झाडाखाली उभी होती, बॉनेट वर. पुढे एका वरातीमागे त्या बराच वेळ अडकल्या होत्या, ते मला मागून कळलं. काटा लाल झाला तेव्हा पंख्याचा आवाज येत नाही हे बाबांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी मॅडमना गाडी बाजूला घ्यायला लावली, लांब उभं केलं, आणि आतली धग मोकळी व्हावी म्हणून स्वतः बॉनेट उघडलं. त्याच वेळी रेडिएटरचा वरचा पाइप फुटला आणि उकळतं पाणी उडालं. बाबा झाडाच्या मुळावर बसले होते. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल, टरारून फुगलेला. वाडीवरची एक बाई हंडा तिरपा धरून त्या हातावर पाण्याची धार सोडत होती, आणि मॅडम शेजारी बसून तिला सांगत होत्या, "सोडत राहा, थांबू नका."

"पुरे गो बाय," बाबा म्हणत होते. "पिवाचं पानी हाय."

"असूं दे," ती बाई म्हणाली. "मानसापरीस पानी मोठा हाय का?"

एकदा पंख्याने बोटं नेली होती. आता पंखा नव्हता म्हणून कातडी गेली. आणि दोन्ही वेळा जवळचा माणूस मीच. मी मोटरसायकल स्टँडला लावली की तशीच पाडली आठवत नाही. तोंड उघडलं, काय बोलणार होतो कोण जाणे, पण त्याआधी बाबांनी माझ्याकडे बघितलं. नंतर माझ्या खिशाकडे बघितलं. मग मॅडमना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"नामा, मी रिले काढून फळीवर ठेवला आन बसवायचा इसरलो बघ. आणलास ना तो?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच म्हणालो. खिशातून रिले काढला आणि फळीवरून आणल्यासारखा त्यांच्यासमोर धरला.

मॅडमनी त्यांच्या हाताला मलम लावलं, कापड गुंडाळलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. मला बाजूला घेऊन मायेने म्हणाल्या, "वय झालंय हो त्यांचं. आता असल्या कामाला नका लावू त्यांना. आज हातावर निभावलं." मी मान डोलावली. तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. मला कशाची भीती वाटली? गिऱ्हाईक जाईल याची? बापाला भाजणारा मुलगा म्हणून ती हंडेवाली बाई बघेल याची? नीट सांगता येत नाही.

गावात बातमीला पाय लागत नाहीत, पंख लागतात. मामा आता इसरायला लागला. महिन्याभरात गिऱ्हाइकं हळूच म्हणू लागली, "नामदेव, तुम्हीच बघा हं." जुने ट्रकवाले चहा पाजायचे, हात फिरवायला सांगायचे नाहीत. बाबा बाकावर बसून जुने नटबोल्ट निवडत राहिले, मोठे एका डब्यात, लहान दुसऱ्या डब्यात. ती शिक्षा त्यांनी अशी मुकाट भोगली की जणू खरंच त्यांचीच होती.

आणि ह्याच्याही पुढची एक भीती आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात बाबा एकदा शेड बंद करून घरी निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबून म्हणाले, "कुलूप लावला का रे मी?" लावलं होतं. मग हे नेहमीचं झालं. बिडीची काडी विझवली का, नळ बंद केला का. "माजा आता भरवसा नाय," असं ते हसून म्हणत. ज्या माणसाला कुठल्या ट्रकची कुठली नळी कुठल्या साली बदलली ते ठाऊक होतं, तो कुलूप दोनदा ओढून बघतो. हे वयामुळे, की माझ्या त्या 'हो'मुळे? माझ्यासाठी बोललेलं खोटं इतके दिवस निभावलं की ते त्यांच्या आत जाऊन खरं व्हायला लागलं? एकदा चावीबद्दल मी खरं बोललो तर त्यांची बोटं गेली. एकदा खोटं बोललो तर सगळा माणूसच चालला, थोडा थोडा, माझ्या डोळ्यांदेखत. मला रात्री झोप लागत नाही ती ह्या विचाराने.

यंदा राब पेटले, आणि गेल्या आठवड्यात लाल गाडी परत आली. मॅडम आता थोड्या वाकल्या आहेत. "परत तेच," त्या म्हणाल्या. "बाजारात काटा चढतो. हायवेला नाही."

मला तिथेच समजलं. सावरीचा कापूस. तीन उन्हाळ्यांचा. बाबांनाही समजलं होतं, कारण ते बाकावरून उठू लागले होते. अर्धवट उठले, गुडघ्यावर हात, आणि मॅडम त्यांच्याकडे बघून प्रेमाने म्हणाल्या, "बसा हो बाबा, बसा सावलीत. नामदेव बघतील."

बाबा परत खाली बसले. नटबोल्टचा डबा जवळ ओढला. ते अर्धवट उठणं आणि परत बसणं बघितलं आणि भीतीला जागाच उरली नाही. उरली असेल, पण मी तिच्या आधी बोललो.

"मॅडम, त्या दिवशी रिले फळीवर नव्हता. माझ्या खिशात होता. मी काढला, मी विसरलो. बाबांनी ते स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं."

मॅडमनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या हाताकडे, जिथे कोपरापर्यंत कातडी अजून गुलाबी, चकचकीत आहे.

"तीन वर्षं?" एवढंच त्या म्हणाल्या.

बाबांनी डबा आपटला. "तुला कोनी इचारला व्हता रे?" त्यांना इतकं रागावलेलं मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ते उठून घरी जाणार. ते उठले, पण गाडीकडे आले. माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाले, "बाय, मंधल्या जाळीत कापूस असंल. इसरलो नाय मी. दर उन्हाळ्याला काढायला पायजे."

मॅडमनी गाडीची चावी पुढे केली. माझ्यापुढे नाही, त्यांच्यापुढे. त्यांनी ती शर्टाला पुसून घेतली, नुसती चावी, तिला काय पुसायचं.

बॉनेट उघडलं. गाडी नुकतीच आलेली होती, आत धग होती, आणि आम्ही तिघं बघत असताना दोन्ही पंखे आपोआप सुरू झाले. मी दचकून मागे झालो. मॅडमही झाल्या. बाबा होते तिथेच उभे राहिले, हात मागे बांधून, पंखे थांबेपर्यंत. मग त्यांनी मला मान हलवून खूण केली. मी रिले उपसला आणि हात सवयीने खिशाकडे गेला.

"आन इकडं," बाबा म्हणाले. "तुज्या खिशात नको."

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, आपल्या खिशात टाकला, वरून बटण लावलं आणि बटण लागलं की नाही ते एकदा चाचपून बघितलं. मग वाकून डावा हात पात्यांमध्ये घातला. मी रिकाम्या खिशावर हात ठेवून तिथेच उभा राहिलो. भीती वाटतच होती. शेतांकडून धूर येत होता, आणि तो राबाचा होता.